पाठिंबा फक्त 'ड' जागेला

"ताई, कुणाला विचारून छापलंत हे?"

शनिवारची सकाळ होती. आमचं साप्ताहिक शनिवारी निघतं. अंक नुकताच स्टॉलवर गेला होता आणि मी ऑफिसचं कुलूप उघडत होते. फोनवर प्रमिलाताई होत्या. ज्यांना निवडून द्या म्हणून आम्ही पहिल्या पानावर छापलं होतं, त्याच प्रमिलाताई.

मला वाटलं होतं, त्यांचा फोन आलाच तर आभार मानायला येईल.

"अग्रलेख आहे तो, प्रमिलाताई. अग्रलेख उमेदवाराला विचारून लिहीत नाहीत."

"मग निदान धड तरी लिहायचा! मी फटकळ? मी कुणाचं ऐकून घेत नाय? आणि पॅनलचं काय लिवलंत ते? मोरेश्वरदादा हातात पेपर घेऊन माझ्या दारात उभे हायेत. काय सांगू आता त्यांना?"

एरवी त्या माझ्यासारखंच बोलतात. वडील खाडीत मासेमारी करायचे, पण स्वतः त्यांनी नोकरी केली ती ऑफिसातली. राग आला की मात्र घरची बोली बाहेर येते. त्या सकाळी ती पूर्ण बाहेर आली होती.

"मी दुपारी येते," मी म्हटलं.

"येऊ नका," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

थोडं मागे जाऊन सांगते, म्हणजे कळेल.

मी पनवेलमधल्या एका छोट्या साप्ताहिकाची संपादक आहे. आठ पानं. ऑफिसात आम्ही दोघीच. दुसरी सायली. ती बातम्या आणते, पानं लावते, फोटो काढते आणि प्रिंटर अडकला की त्याला थापटही मारते. मालक नंदूशेठ. त्यांचं मूळ दुकान सिमेंट आणि पत्र्यांचं. साप्ताहिक त्यांच्या वडिलांनी सुरू केलं होतं, म्हणून चालू ठेवलंय. अंक स्टॉलवर जातो, वर्गणीदारांच्या घरी जातो आणि दुपारपर्यंत त्याची पीडीएफ अर्ध्या पनवेलच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट फिरत असते.

अग्रलेख म्हणजे पेपरचं स्वतःचं मत. बातमीत मत घालायचं नसतं. अग्रलेखात ते घालायचंच असतं. त्याखाली माझं नाव नसतं, पण जबाबदारी माझी असते.

परदेशातले पेपर निवडणुकीआधी उघड लिहितात की आमच्या मते अमुक उमेदवार चांगला, कारणं ही अशी. आपल्याकडे तशी पद्धत नाही. आपल्याकडे झाकून द्यायची पद्धत आहे. उमेदवार पैसे देतो आणि त्याच्या पदयात्रेला 'उत्स्फूर्त प्रतिसाद' मिळाल्याची बातमी येते. वाचकाला वाटतं ती बातमी आहे. असते ती जाहिरात. याला पेड न्यूज म्हणतात. आम्ही ते करत नाही. आम्ही जाहिरात घेतो आणि वर 'जाहिरात' असं ठळक छापतो. त्यामुळे निवडणुकीच्या काळात आमच्याकडे गर्दी नसते.

या वेळी मी ठरवलं की एका जागेपुरतं उघड लिहायचं.

जागा रोडपालीच्या बाजूच्या एका प्रभागातली. महापालिकेच्या निवडणुकीत एका प्रभागात चार जागा असतात. अ, ब, क आणि ड. मतदार एकच, पण त्याने चार बटणं दाबायची, प्रत्येक जागेसाठी एक. त्यामुळे चार उमेदवार मिळून पॅनल करतात आणि एकत्र प्रचार करतात. 'आमची चारही बटणं दाबा' असं सांगत फिरतात. एवढं समजलं की पुढचं सगळं भांडण समजतं.

'ड' ही खुली जागा. तिथे वसंतभाऊ. आधीही तेच नगरसेवक होते. माणूस गोड. कुणाच्या घरी बारसं असो की बारावं, हजर. पण त्यांचं जनसंपर्क कार्यालय होतं फूटपाथवर, शाळेच्या गेटला लागून. पत्र्याची शेड, समोर खुर्च्या, कार्यकर्त्यांच्या बाईक. मुलं शाळा सुटली की रस्त्यावरूनच चालायची आणि त्याच रस्त्याला कंटेनरचे ट्रेलर लावलेले असायचे. पालकांनी वसंतभाऊंना सांगितलं. ते दर वेळी "बघतो" म्हणाले. ते बघायचे त्या शेडमध्येच बसून.

प्रमिलाताई उरणकडच्या एका कंटेनर यार्डात डॉक्युमेंटेशनला होत्या. कुठला कंटेनर कुठल्या गाडीवर, कागद कुठे, हे काम. नोकरी सोडल्यावर त्या सोसायटीत सेक्रेटरी झाल्या. शाळेसमोरच्या ट्रेलरचा विषय त्यांनी हातात घेतला. कुणाला निवेदन दिलं नाही. चार-पाच यार्डांच्या इनचार्जना, जुन्या ओळखीने, शाळा सुटायच्या वेळेला गेटसमोर बोलावून घेतलं. "जरा उभे राहा इथं," एवढंच म्हणाल्या. ट्रेलरच्या चाकाजवळून दप्तरं घेऊन जाणारी पोरं त्या माणसांनी बघितली. त्यानंतर शाळेच्या वेळेत तिथे ट्रेलर लागेनासे झाले. फूटपाथवरची शेड मात्र हलली नाही. ती हलवण्यासाठी त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या.

विरोधी आघाडीच्या लोकांनी त्यांना महिलांच्या राखीव जागेवर उभं राहायला सांगितलं होतं. तिथे सोपं होतं. त्या म्हणाल्या, शेड ज्याची आहे त्याच्यासमोरच उभी राहीन. म्हणून 'ड'.

मला हे आवडलं. लिहायचं ठरवलं आणि नंदूशेठना सांगितलं.

"मॅडम, वसंतभाऊंच्या वाढदिवसाची पुरवणी आपल्याकडे असते," ते म्हणाले.

"ती जाहिरात आहे. हे मत आहे."

"तुम्हाला कळतं. भाऊंना कळेल का?"

"शेठ, आपण वर्षभर त्या शेडबद्दल बातम्या छापल्या. आता मतदान आलंय तर गप्प बसायचं?"

शेठनी सिमेंटच्या एका गिऱ्हाइकाचा फोन घेतला, बोलले, ठेवला. मग म्हणाले, "लिहा. पण नुसती आरती नको. त्या बाईत काय कमी आहे तेही लिहा. आपण विकलो गेलो असं कुणी म्हणता कामा नये."

हे मला पटलं. तसंही मी लिहिणारच होते. प्रमिलाताईंनी भरवलेल्या सोसायट्यांच्या बैठकांना मी गेले आहे. तिथे त्यांनी एका रिटायर्ड इंजिनिअरना वाक्याच्या मध्येच खाली बसवलं होतं. तेव्हा मी लिहिलं की त्या धडाडीच्या आहेत, काम तडीस नेतात. त्याखाली लिहिलं की त्या फटकळ आहेत, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत नाहीत आणि सभागृहात हे चालणार नाही.

सायलीने पान लावता लावता विचारलं, "मॅडम, बाकीच्या तीन जागांचं काय? लोक विचारतील."

"त्यांच्याबद्दल मला काही माहीत नाही."

"मग तसं लिहा."

मी लिहिलं. 'त्यांच्या पॅनलमधल्या उरलेल्या तीन उमेदवारांबद्दल आम्हाला इतक्या खात्रीने काही सांगता येत नाही.' एक वाक्य. खरं होतं, सौम्य होतं. मला वाटलं, काम झालं.

त्याच वाक्यामुळे शनिवारी सकाळी मोरेश्वर पाटील प्रमिलाताईंच्या दारात उभे होते. ते त्यांच्या पॅनलचे प्रमुख. स्वतः 'क' जागेवर उभे. गावठाणातलं मोठं घर, मोठा गोतावळा. प्रमिलाताईंकडून ते दुपारी माझ्या ऑफिसात आले.

"ताई, आमच्याबद्दल खात्री नाय तुमाला?" खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"दादा, वाईट आहात असं लिहिलेलं नाही. माहिती नाही असं लिहिलंय."

"आख्खा गाव वळखतो मला. तुमालाच माहिती नाय?"

"तुम्ही निवडून आल्यावर काय करणार ते मला माहीत नाही. सांगा, मी छापते."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ते आमी पॅनल म्हणून सांगू." आणि लगेच मूळ विषयावर आले. "प्रमिलानं एकटीचं छापून घेतलंन. आमाला न सांगता. चौघांचा खर्च एक, प्रचार एक, आन् पेपरात हिचं एकटीचं? किती दिले तिनं?"

"काही दिलं नाही."

"ताई, मी काय आज राजकारणात आलो का?"

त्यांना मी पाणी दिलं, चहा दिला. पटवून काही देता आलं नाही. उठताना म्हणाले, "चौघांचं छापायचं काय घ्याल ते सांगा." मी नाही म्हटल्यावर त्यांना खात्रीच पटली की आधीचा व्यवहार मोठा झाला असणार.

त्या दिवशी फोन थांबले नाहीत. दुसऱ्या प्रभागातल्या एका उमेदवाराने "मॅडम, तसलाच अग्रलेख आपलापण करायचाय" असं सांगून फोटो पाठवून दिला. एकाने विचारलं, टीकेचे परिच्छेद काढून घेतले तर पैसे काही कमी होतील का. आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई लिफ्टमध्ये भेटल्या. चांगल्या शिकलेल्या, आमच्या वर्गणीदार. म्हणाल्या, "बरं केलंत हो. निवडणुकीत पेपरवाल्यांनाही मिळायला हवंच की काहीतरी." त्या मनापासून म्हणाल्या. मी तिसऱ्या मजल्यावर उतरले. मला पाचव्यावर जायचं होतं.

इतकी वर्षं पैसे घेऊन छापणाऱ्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आम्ही एकदा फुकट छापलं तर जो तो पावती मागत होता.

सोमवारी सायली मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, हे बघा. सगळ्या ग्रुपवर आहे."

आमच्या अग्रलेखाचा फोटो होता. वर आमच्या साप्ताहिकाचं नाव, खाली प्रमिलाताईंचा हसरा फोटो आणि त्यांचं निवडणूक चिन्ह. मध्ये आमचा मजकूर, पण फक्त पहिले तीन परिच्छेद. धडाडी, ट्रेलर, शाळा. 'फटकळ' गायब. उरलेल्या तिघांबद्दलचं वाक्यही गायब. कुणीतरी अगदी सफाईने कापलं होतं. वाचणाऱ्याला वाटावं की आम्ही प्रमिलाताईंची आरतीच लिहिली आहे.

मी त्यांना फोन केला. त्यांनी उचलला, तेवढं नशीब.

"हे तुम्ही केलंत?"

"मी नाही. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी केलंय. चांगलं केलंय की. जे लिहायला नको होतं ते काढलंय."

"प्रमिलाताई, हे आमचं लिखाण आहे. अर्धं कापून त्यावर तुमचं चिन्ह लावलं की ते आमचं राहत नाही. तुमचं पत्रक होतं."

"मग तुम्हीच तसं लिहायचं होतं ना!"

त्या चिडल्या की त्यांच्याशी बोलता येत नाही. मी हे छापलंही होतं. त्याचा उपयोग झाला नाही.

मंगळवारी नोटीस आली. निवडणुकीत माध्यमांवर लक्ष ठेवायला एक समिती असते. पैसे घेऊन बातमी छापली असा संशय आला की ती उमेदवाराला आणि पेपरला बोलावते. पेड न्यूज ठरली तर त्या जागेच्या जाहिरातीची किंमत उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरतात. खर्चाला मर्यादा असते. ती ओलांडली तर उमेदवार अडचणीत येतो, निवडून आल्यानंतरसुद्धा. पहिल्या पानावरची जागा सर्वांत महाग. म्हणजे माझ्या मतामुळे प्रमिलाताईंचं पद जाण्याची सोय झाली होती, पद मिळायच्या आधीच.

तक्रार वसंतभाऊंच्या निवडणूक प्रतिनिधीने केली होती. प्रतिनिधी म्हणजे उमेदवाराच्या वतीने असल्या कामांना जाणारा माणूस. पुरावा म्हणून जोडला होता तोच कापलेला फोटो.

दुसऱ्या दिवशी मी, प्रमिलाताई आणि तो प्रतिनिधी असे तिघं एका टेबलासमोर बसलो. टेबलापलीकडे समितीचे अधिकारी. सभ्य माणूस, पण दमलेला. बाजूला फायलींचा ढीग. प्रमिलाताई माझ्या शेजारच्या खुर्चीत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

"मॅडम, हे तुम्ही छापलंत?" अधिकाऱ्यांनी फोटो पुढे केला.

"अर्धं. उरलेलं कापलंय."

"याचं बिल?"

"बिल नाही. अग्रलेख आहे."

"पैसे घेतले नाहीत?"

"नाही."

"घेतले नाहीत याचा काही कागद?"

"साहेब, पैसे घेतले नाहीत तर कागद कशाचा असेल?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमचं बरोबर आहे. पण मला फाइलला काहीतरी लावावं लागतं."

मी पिशवीतून शनिवारचा पूर्ण अंक काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उघडला आणि अग्रलेख पहिल्यापासून वाचायला घेतला. वाचताना बोट ओळीवरून फिरत होतं. चौथ्या परिच्छेदावर बोट थांबलं.

"'त्या फटकळ आहेत,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "'समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत नाहीत. त्यांच्या आघाडीचा जाहीरनामा वाचून त्यांना नेमकं काय करायचं आहे हे कळत नाही.'" त्यांनी मान वर केली. "हे छापलंय तुम्ही?"

"हो."

"पाठिंबा देताना?"

"हो."

प्रतिनिधी पुढे सरकला. "साहेब, हे पण ठरवूनच केलेलं असणार. संशय येऊ नये म्हणून."

एवढं ऐकून प्रमिलाताई उभ्याच राहिल्या. "ठरवून? पैसे देऊन मी स्वतःला फटकळ लिवून घेईन? येडी हाय का मी? शनिवारपासून माझ्या घरात भांडान चाललंय या पेपरापायी! माझं पॅनल माझ्याशी बोलत नाय! आन् तुमी—"

"बाई, माझं एक मिनिट ऐका—" अधिकारी म्हणाले.

"तुमीच माझं ऐका!"

अधिकाऱ्यांनी पुन्हा एकदा पेपरकडे पाहिलं, मग प्रमिलाताईंकडे. मग शांतपणे काहीतरी लिहून घेतलं. मला वाटतं, निकाल तिथेच लागला.

अग्रलेख पेड न्यूज नाही, असं ठरलं. पैसे घेऊन कुणी गिऱ्हाइकाबद्दल असं लिहीत नाही, हे त्यांचं म्हणणं. म्हणजे जे परिच्छेद वाचून प्रमिलाताई माझ्यावर संतापल्या होत्या, त्यांनीच त्यांना वाचवलं. मला हे त्यांना सांगायचं होतं. पण अधिकाऱ्यांचं अजून संपलं नव्हतं.

"आता हा कापलेला फोटो," ते म्हणाले. "यावर तुमचं चिन्ह आहे. म्हणजे हे तुमचं प्रचाराचं साहित्य. ते परवानगीशिवाय फिरतंय आणि लोकांची दिशाभूल करतंय. हे सगळ्या ग्रुपवरून काढून घ्या. आणि जिथे जिथे गेलंय तिथे पूर्ण लेख टाका."

"पूर्ण?" प्रमिलाताई म्हणाल्या.

"पूर्ण."

बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर त्या बसल्या. मी शेजारी बसले. सायलीने मला पीडीएफ पाठवली, मी ती त्यांना पाठवली. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका ग्रुपवर ती टाकायला सुरुवात केली. सोसायटी, भिशी, शाळेचे पालक, माहेरचा कोळीवाडा, यार्डातले जुने सहकारी. प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या हाताने. मतदान तोंडावर आलेलं आणि ही बाई आपणच आपल्याला फटकळ म्हणणारा लेख गावभर वाटत होती.

मध्येच थांबून म्हणाल्या, "ताई, ते एक 'फटकळ' तरी काढता येईल का हो पीडीएफमधून?"

"छापून झालंय ते."

"मवाळ शब्द नव्हता दुसरा?"

"होता. पण तो खरा नव्हता."

त्या पुढचा ग्रुप शोधायला लागल्या. एवढ्यात फोन वाजला. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी उत्तर दिलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि फोन माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, 'यात नवीन काय? म्हणून तर ट्रेलर हलले.'

त्या हसल्या. शनिवारपासून पहिल्यांदाच. मीही हसले. वाटलं, आता सुरळीत होईल.

झालं नाही. पूर्ण लेख सगळीकडे गेला म्हणजे मोरेश्वरदादांबद्दलचं ते वाक्यही सगळीकडे गेलं. तोवर ते पेपर किंवा त्याची पीडीएफ उघडून वाचणाऱ्यांनाच माहीत होतं. आता गावठाणातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचलं, तेही प्रमिलाताईंच्या नंबरवरून. दादांना वाटलं, बाई आता मुद्दाम डिवचते आहे. समितीने तसं सांगितलंय हे त्यांना पटवून देण्यात दोन दिवस गेले. पटलं नाहीच.

"तुमी तुमचं बघा, आमी आमचं बघतो," ते प्रमिलाताईंना म्हणाले.

शेवटच्या पदयात्रेत पॅनलचे तिघं पुढच्या जीपमध्ये होते. प्रमिलाताई मागून चालत होत्या, सोबत सोसायटीतल्या बायका. मी रस्त्याच्या कडेला वही घेऊन उभी होते. त्यांनी मला पाहिलं, हात केला नाही. मीही केला नाही. ते बरोबरच होतं. पाठिंबा लिहिणं वेगळं आणि हात करणं वेगळं. पण तेव्हा मला बरं वाटलं नाही, हे खरं.

निकालाच्या दिवशी मी आणि सायली मतमोजणी केंद्रावर होतो. सेक्टरमधल्या, म्हणजे नव्या सोसायट्यांच्या भागातल्या मशिन आधी उघडल्या आणि प्रमिलाताई पुढे होत्या. चांगल्या पुढे. त्यांच्यासोबतच्या बायका एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. मग गावठाणातल्या मशिन आल्या. तिथे मोरेश्वरदादांना 'क' जागेवर भरभरून मतं होती आणि त्याच मशिनमध्ये 'ड' जागेवर प्रमिलाताईंना अगदी थोडी. पॅनलची चार बटणं तिथे तीनच झाली होती. चौथं बटण लोकांनी वसंतभाऊंचं दाबलं होतं.

मोरेश्वरदादा निवडून आले. प्रमिलाताई थोडक्यात पडल्या.

आमच्या त्या एका वाक्याने त्यांना पाडलं का? मला सायलीने विचारलं, नंदूशेठनी विचारलं, मी स्वतःला विचारलं. ते वाक्य नसतं तर गावठाणाने त्यांना मतं दिली असती, असंही नाही. दादांना ही बाई आधीपासूनच जड जात होती. त्यांना कारण हवं होतं, ते आम्ही छापून दिलं. दुसरीकडे, सेक्टरमध्ये त्या इतक्या पुढे होत्या त्यात आमच्या लेखाचा काही हात होता का, तेही मला माहीत नाही. तिथले लोक म्हणतात, आम्ही ट्रेलर हलताना बघितले होते, आम्हाला पेपर कशाला लागतो.

तिसऱ्या दिवशी वसंतभाऊ पेढे घेऊन ऑफिसात आले. मला वाटलं आता ऐकवतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

"मॅडम, तुमचे उपकार आहेत," ते म्हणाले. "माझी माणसं झोपली होती. तुमचा लेख आला आणि खडबडून जागी झाली."

"भाऊ, शेडबद्दल लिहिलं होतं आम्ही."

"वाचलं ना. हलवतोय. समोरच्या बिल्डिंगमध्ये गाळा घेतलाय. पोरांना चालायला जागा पाहिजे हो, मॅडम." हे त्यांनी इतक्या कळवळ्याने सांगितलं की क्षणभर मला वाटलं, ती शेड दुसऱ्याच कुणाची होती.

आणि त्यांनी खरंच हलवली. शेड गेली, खुर्च्या गेल्या, फूटपाथ मोकळा झाला. त्यावर बॅनर लागला, 'वसंतभाऊंच्या अथक प्रयत्नांतून विद्यार्थ्यांसाठी सुरक्षित पदपथ'. सायलीने फोटो काढला. बातमी होती, म्हणून आम्ही छापली. शेड कुणाची होती तेही छापलं. त्याबद्दल भाऊंनी फोन केला नाही. पुरवणीची जाहिरातही वेळेवर आली.

त्यानंतर एकदा प्रमिलाताई ऑफिसात आल्या. शाळेजवळून येत होत्या. घाम पुसत बसल्या, पाणी प्यायल्या.

"पोरं चालतात आता फूटपाथवरून," त्या म्हणाल्या. "बघून आले."

"तुमच्यामुळे."

"बॅनरवर तसं नाही लिहिलेलं." ग्लास खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ताई, एक विनंती करू? मी पुढच्या वेळी पुन्हा उभी राहणार आहे, 'ड'लाच. तेव्हा तेवढा पाठिंबा वसंतभाऊंना द्या."

मला वाटलं गंमत करतायत. चेहरा बघितला, तर गंमत नव्हती.

"तेव्हा जे खरं वाटेल ते लिहीन," मी म्हटलं.

"तेच तर म्हणते. त्याच्याबद्दल लिहा ते खरं." आणि त्या सायलीला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल सांगायला लागल्या. सायलीने काही विचारायला तोंड उघडलं, पण त्यांचं चालूच होतं.

नंदूशेठनी मात्र आपला धडा घेतला आहे. ते म्हणतात, पुढच्या वेळी चारही जागांना पाठिंबा द्यायचा, म्हणजे कुणी रुसणार नाही. मी त्यांना समजावलं की चार जागांवर दोन पॅनल मिळून आठ जण असतात, अपक्ष वेगळे. त्यातले निदान निम्मे रुसणारच. ते म्हणाले, "मग आठही जणांना द्या." मी विषय सोडून दिला.

मी काय शिकले ते सांगते. पाठिंबा वाचकासाठी लिहायचा. त्याने उमेदवाराचं भलं होईल असं धरून चालायचं नाही, आणि उमेदवार आभार मानेल असं तर मुळीच नाही. टीकेचे परिच्छेद ठेवायचेच, कारण अडचणीत तेच उपयोगी पडतात. आणि चारांच्या पॅनलमध्ये एकीबद्दल लिहिलं तर उरलेल्या तिघांना एका वाक्यात उरकायचं नाही. प्रत्येकावर पूर्ण परिच्छेद लिहायचा. भांडण तरीही तेवढंच होणार. पण निदान ते कशावरून झालं, हे आपल्याला ठाऊक असतं.